जोडीची पद्धत

कुंदाताईंनी मासे घेतले तेसुद्धा जोडीजोडीने. दुसरं कसं घेणार? वीस-पंचवीस वर्षं मुलुंड पूर्वेला आपल्या हॉलमध्ये बसून त्या लोकांची लग्नं जमवत होत्या. बिल्डिंगच्या गेटवर 'वधूवर सूचक केंद्र, दुसरा मजला' अशी पाटी होती, आणि एकटं म्हणून जे काही असेल ते अर्धवट, हे बाईंचं जगाबद्दल ठाम मत होतं. घरात कपसुद्धा एकटा राहू द्यायच्या नाहीत. एक फुटला की त्याचा जोडीदार कामवालीच्या पिशवीत जायचा.

बाईंचा हातखंडा होता, हे मुलुंडात कोणीही सांगेल. पत्रिका बघायच्या, पण नुसत्या पत्रिकेवर भिस्त नाही ठेवायच्या. उंची, शिक्षण, खाणं, घरात माणसं किती, मुलगा आईच्या किती मुठीत, सगळं समोरच्याची पोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत काढून घ्यायच्या. आणि गिऱ्हाईक अगदीच का-कू करायला लागलं की भिंतीकडे बोट दाखवायच्या. भिंतीवर त्यांच्या लेकीचा, गंधालीचा, लग्नातला मोठा फोटो होता. शेजारी जावई, ओजस. "हे मीच जमवलंय," त्या म्हणायच्या. "छत्तीसपैकी बत्तीस गुण. मुलगा निर्व्यसनी, अंधेरीला स्वतःचा फ्लॅट, बायकोला डोळ्यांआड होऊ देत नाही." हलवायाने आधी आपलाच पेढा खाऊन दाखवावा, तसा तो फोटो. तो बघून समोरचे आईबाप निम्मे विरघळायचे.

त्या फोटोतली मुलगी एका शुक्रवारी संध्याकाळी बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"दोन दिवस राहते," म्हणाली. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी ती इथूनच ऑफिसला गेली आणि इथेच परत आली. मंगळवारी तिचे धुतलेले कपडे गॅलरीतल्या दोरीवर दिसले आणि कुंदाताईंना कळलं, हे दोन दिवसांचं प्रकरण नाही. लेकीचं काय बिनसलंय याची काळजी होतीच, आई होत्या त्या. पण खरं सांगायचं तर आधी डोळ्यांपुढे आला तो फोटो. लग्नं जमवणारीची स्वतःची पोरगी माहेरी येऊन बसली हे एकदा बाहेर गेलं, की गेटवरची पाटी भंगारात घालायची वेळ. दुसऱ्याची पोर परत आली तर ते तिचं नशीब म्हणता येतं. आपली आली तर दुकान बंद.

पहिली चौकशी समोरच्या शेवंतीबाईंनी केली. "गंधाली बरेच दिवस दिसतेय?"

कुंदाताईंची जीभ डोक्यापेक्षा नेहमीच चपळ. "अहो, ह्यांची फिश टँक लावायचीय ना," त्या म्हणाल्या. "तिला त्यातलं कळतं. टाकी लागली की जाईल."

झालं. थाप मारून मोकळ्या झाल्या, आता टाकी लावणं आलं.

टाकी घरात होती. मार्तंडराव, म्हणजे त्यांचे यजमान, महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्यातल्या लोकांनी त्यांना ती भेट दिली होती. जन्मभर मुंबईला पाणी पाजलंत, आता घरी थोडं असू द्या, असं कोणीतरी भाषणात म्हणालं होतं. तेव्हापासून ती टीव्हीशेजारी कोरडी ठणठणीत पडलेली. तिच्यात जुने पेपर, मोबाइलचे चार्जर आणि मार्तंडरावांचा चष्मा सुखाने नांदत होते.

मग विहीणबाईंचा फोन आला. त्यांनाही हीच थाप मिळाली. "टाकी लागली की पाठवतेच तिला," कुंदाताई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी ओजसरावांनाच या म्हणावं न्यायला." अशी बाईंनी आपणहून मुदतही घालून घेतली. फोन ठेवून त्यांनी आत बघितलं तर गंधाली दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने हातातला टॉवेल नीट घडी करून ठेवला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी रिक्षा करून घाटकोपरला गेल्या. दुकान म्हणजे एक लांबडं बोळकांडं, दोन्ही हातांना टाक्यांवर टाक्या, आणि मधे एक स्टूल. कुंदाताई स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि स्थळं बघायला लागल्या.

"हा बाटलीत एकटाच का हो?"

"फायटर आहे मॅडम," दुकानदार नंदकिशोर म्हणाला. "एकटाच राहतो."

"का? काही दोष?"

"दोष नाही. एकट्याला मस्त करमतं त्याला."

"एकट्याला करमतं म्हणजे काहीतरी खोट असणारच," कुंदाताई म्हणाल्या. "पुढचा दाखवा."

पुढचा एंजल होता. उंच, डौलदार, पंख लांब. कुंदाताईंना पसंत पडत होता, पण चौकशी केल्यावर कळलं की मोठा झाला की तोंडात मावेल त्या लहान माशाला गिळतो. घरातल्या धाकट्यांना जाच, म्हणून तो गेला. गोल्डफिश खातो फार आणि घाण करतो फार, शिवाय त्याला पाणी गारच लागतं. लाडावलेलं बाळ, म्हणून तोही गेला. नंदकिशोरला मजा यायला लागली होती. तो एकेक टाकी दाखवायचा, बाई स्वभाव विचारायच्या, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळेला बाईंचा निकाल बरोबरच निघायचा. माणसं काय, मासे काय, कोण कोणाला खाईल एवढं ओळखायचं त्यांना जन्माचं वळण पडलेलं.

गडबड झाली ती पुढे. निऑन टेट्रा म्हणून बोटाच्या पेराएवढे मासे होते, अंगावर निळी आणि लाल रेघ. "हे सहा-आठ तरी घ्या," नंदकिशोर म्हणाला. "घोळक्यात राहतात."

"दोन द्या. एक जोडी."

"ह्यांच्यात नर कुठला, मादी कुठली, मलापण नाही कळत मॅडम."

"त्यांचं त्यांना कळेल. तुम्ही दोन द्या."

काळ्या मॉलींची एक जोडी घेतली. मग गप्पी. नराची शेपटी नारिंगी, जरीकाठ असल्यासारखी. मादी बिचारी राखाडी, पोटाने मोठी, बघावीशी न वाटणारी. "नवरा नटलेला नि नवरी साधी," कुंदाताई म्हणाल्या. "असू दे. संसाराला साधीच बरी."

इतका वेळ गप्प उभी असलेली गंधाली तेव्हा पहिल्यांदा बोलली. तिच्या हातात फोन होता. "आई, गप्पी घेतेस तर एका नराला तीन माद्या तरी घे. नाहीतर सगळे नरच घे. इथे दिलंय."

"तीन सवती? माझ्या टाकीत?"

"अगं, नर सारखा मागे लागतो. तिघी असल्या की एकीला जरा दम खायला मिळतो."

"नवरा मागे लागला तर बायकोला बरंच वाटतं," कुंदाताई म्हणाल्या आणि नंदकिशोरकडे वळल्या. "एक जोडी द्या हो. आमच्याकडे जोडीची पद्धत आहे."

नंदकिशोर गिऱ्हाईकाशी वाद घालणाऱ्यातला नव्हता. तुमची टाकी, तुमची मर्जी, म्हणत त्याने पिशव्यांत हवा भरून रबरबँड लावले. गंधालीचा फोन हातात थरथरत होता. तिने स्क्रीनवरचं नाव बघितलं, 'हो, आईबरोबर आहे, घाटकोपरला, मासे घ्यायला' एवढं एका दमात सांगितलं, मग फोन उलटा करून माशांचा फोटो काढून पाठवला. रिक्षात बसेपर्यंत तो अजून दोनदा वाजला.

घरी मार्तंडरावांनी पाण्याची तयारी चोख ठेवली होती. कालपासून बादल्यांत पाणी भरून उघडं ठेवलं होतं, क्लोरीन उडून जायला. पाण्याच्या बाबतीत त्या घरात त्यांचाच शब्द चाले, बाकी कशात नाही. पिशवीत गप्पी बघून ते हसले. "ह्याचे पैसे दिलेस? आमच्या शेजारच्या खात्यातली माणसं डासांच्या अळ्या खायला फुकट सोडायची विहिरींत."

"तुमच्या विहिरीतल्यांना असली शेपटी होती का?" कुंदाताई म्हणाल्या, आणि विषय संपला.

टाकी लागली. दिवा लागला, बुडबुडे सुटले, हॉलला एकदम तेज आलं. शेवंतीबाई येऊन बघून गेल्या. कुंदाताईंना वाटलं, चला, सुटलो. आता रविवार उजाडू दे.

निऑनची जोडी मात्र काही केल्या बाहेर येईना. तळाशी ठेवलेल्या प्लास्टिकच्या किल्ल्यामागे दोघं चिकटून बसलेली. एका संध्याकाळी हॉलमध्ये कोथिंबीर निवडता निवडता कुंदाताई म्हणाल्या, "ह्यांना झालंय काय? दोघं आहेत की एकमेकांना."

"दोघांनी नाही भागत त्यांचं," गंधाली म्हणाली. "आजूबाजूला चार जण लागतात. नाहीतर घाबरतात." तिने दोन-तीन काड्या निवडल्या. "आम्ही ऑफिसात पाच जणी मिळून डबा खायचो."

"मग?"

"मग काही नाही. आता ओजस येतो डबा खायला. त्याचं ऑफिस कुठे, माझं कुठे. तरी रोज येतो. त्या बिचाऱ्या दुसऱ्या टेबलावर गेल्या."

कुंदाताईंनी जुडी खाली ठेवली. आठ दिवस टाळलेला प्रश्न आता टाळता येत नव्हता. "मारतो का तो तुला?"

"नाही."

"पितो?"

"तूच चौकशी केली होतीस की."

"दुसरी कोणी आहे?"

"नाही गं. मीच. सकाळपासून रात्रीपर्यंत मीच." गंधालीने आवाज चढवला नाही. कोथिंबिरीकडे बघतच ती सांगत राहिली. तो तिचा फोन वाचतो, पण लपून नाही, शेजारी बसून, प्रेमाने. ती कुठे आहे ते त्याच्या फोनवर ठिपक्यासारखं दिसतं. ती गॅलरीत गेली की तो गॅलरीत, स्वयंपाकघरात गेली की स्वयंपाकघरात. आंघोळीला दहा मिनिटं झाली की बाथरूमचं दार वाजवतो, बरी आहेस ना म्हणून. मैत्रिणीशी बोलायला लागली की मधे येऊन हॅलो म्हणतो. रागावत नाही कधी. फक्त पाठ सोडत नाही.

"एवढंच?" कुंदाताई म्हणाल्या.

"एवढंच. पण दिवसभर एवढंच, आई."

कुंदाताईंना खरोखर कळेना. याच सोफ्यावर बसून किती बायका रडल्या होत्या, नवरा मोबाइलमधून डोकं वर काढत नाही म्हणून. नवरा फार बघतो म्हणून तक्रार करणारी त्यांनी जन्मात पहिलीच बघितली, आणि नेमकी ती पोटची निघावी? "नवीन आहे, सवय होईल," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना होते."

"सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही," पेपरामागून मार्तंडराव म्हणाले.

"तुम्ही पेपर वाचा," कुंदाताई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. भाऊराव म्हणून एक गृहस्थ आणि त्यांची बायको, मुलीसाठी स्थळ बघत होते. पोहे झाले, पत्रिका झाली, आणि भाऊरावांच्या बायकोचं लक्ष टाकीतल्या गप्पींकडे गेलं. "अगंबाई, किती प्रेम बघा त्या दोघांचं. क्षणभर पाठ सोडत नाही तो तिची."

"जोडी आमच्याकडची आहे," कुंदाताईंच्या तोंडून सवयीने गेलं. भाऊराव हसले. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

ती मंडळी गेल्यावर कुंदाताई टाकीसमोर बसल्या. इतके दिवस त्या नराकडेच बघत होत्या, शेपटीच तशी होती. आज पहिल्यांदा त्यांनी मादीकडे नीट बघितलं. स्थळ बघताना बघायच्या तसं, वरपासून खालपर्यंत. तिच्या शेपटीची कड झिजून चिंध्या झालेली. फिल्टरच्या नळीमागे जेमतेम तिच्या अंगाएवढी फट होती, तिथे ती उभी. नर आला की तिथून निसटायची, पुढच्या कोपऱ्यात जायची, तो तिथे. वर जायची, तो वर. तो चावत नव्हता, धडक मारत नव्हता. शेपटी फुलवून नुसता मागे-मागे. कुंदाताईंनी चिमूटभर खाणं टाकलं. मॉली आल्या, खाऊन गेल्या. मादी अर्ध्या वाटेवर आली, नर पोचला, ती तशीच वळली. दुसऱ्यांदा आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती आलीच नाही.

दुपारचा वरणाचा कुकर लावायचा राहिला तो शेवटी गंधालीने लावला.

रविवारी सकाळी मादी तळाशी खड्यांवर एका कुशीवर आडवी झाली होती. कल्ले हलत होते, तेवढंच. नर तिच्या वर घिरट्या घालत होता.

"आज काही टिकत नाही ही," मार्तंडराव म्हणाले.

कुंदाताई स्वयंपाकघरात गेल्या. लोणच्याची काचेची बरणी उतरवली. तळाला उरलेलं लिंबाचं लोणचं वाटीत काढून बरणी गरम पाण्याने चार वेळा धुतली, वास जाईपर्यंत. चहाची नवी गाळणी घेतली. "ह्यात टाकीतलंच पाणी भरा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यांनी भरलं. मग कुंदाताईंनी गाळणीने मादीला अलगद उचललं आणि बरणीत सोडलं, बरणी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

मादी आधी बुडाशीच पडून राहिली. मग सरळ झाली. मग वर आली, काचेला एक फेरी मारली, सावकाश, आणि थांबली. मागे कोणी नव्हतं. कुंदाताईंनी खाण्याचे दोन कण टाकले. तिने एक घेतला. जरा वेळाने दुसरा घेतला. आठवडाभरात तिला खाताना कोणी पाहिलं नव्हतं. कुंदाताईंचे डोळे भरून आले. हे रडू माशासाठी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मार्तंडराव शेजारी उभे होते. त्यांची मालवणी मुलुंडात सहसा बाहेर पडत नसे, गणपतीला गावी गेले की तेवढी. लेकीच्या खोलीकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "चेडवाक आता धाडू नको गो."

"आणि खालची पाटी?"

"पाटी काढूक स्क्रूड्रायव्हर आसा माझ्याकडे."

अकराच्या सुमारास ओजस आला. येताना सासऱ्यांना आवडतात म्हणून खाऱ्या काजूंचं पाकीट आणलं होतं. वाकून दोघांना नमस्कार केला. मुलगा खरंच चांगला होता. केस नीट, बोलणं गोड, आवाज कधी चढत नाही. आज जरी नव्याने बघायला आला असता तरी कुंदाताईंनी त्याला स्थळांच्या वहीत पहिल्या पानावर घेतला असता. तो गंधालीशेजारी बसला. ती जरा सरकली, तोही सरकला, त्याच्या लक्षातही न येता. ती पाणी आणायला उठली तर "बस तू, मी आणतो" म्हणून तो उठला. ती बसली, तो पाणी घेऊन आला नि परत शेजारी. पोहे आले. "कांदा जास्त घेऊ नकोस, तुला पित्त होतं," तो म्हणाला आणि तिच्या बशीतला कांदा आपल्या बशीत काढून घेतला. ती दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेली. ओजसने चमचा ठेवला आणि गॅलरीत गेला.

कुंदाताई बघत होत्या. महिन्यापूर्वी हेच बघितलं असतं तर दहा घरी कौतुक सांगितलं असतं. आज त्यांना ते बघवेना.

दोघं परत आत आली. ओजसची नजर टाकीवर गेली. "टाकी झकास लागली. चला, म्हणजे काम झालं एकदाचं." मग त्याला बरणी दिसली. "ही एकटी इथे का?"

"दमली होती," कुंदाताई म्हणाल्या.

"आणि हा बघा कसा शोधतोय तिला." नर खरंच काचेला तोंड लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता. "बिचारा. जरा बरी झाली की सोडून द्या परत, आई. जोडी आहे शेवटी."

"ती बरीच आहे," कुंदाताई म्हणाल्या. "आत असली की बिघडतं तिचं." त्यांनी पदराला हात पुसले. आडून बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं, आणि आज तर जमवायचंही नव्हतं. "ओजसराव, गंधाली आज येणार नाही. तिला यावंसं वाटलं तर ती स्वतः कळवेल. नाही वाटलं तर नाही कळवणार. तोवर तिला फोन करू नका, ऑफिसात जाऊ नका."

ओजसचा चेहरा पडला. त्यात राग नव्हता. "पण मी केलंय काय, आई? काय कमी केलं मी तिला?"

तो खरंच विचारत होता. कुंदाताईंना त्याचीही दया आली. इतक्या वर्षांत नवऱ्यामुलांना त्यांनी नाही नाही ते प्रश्न विचारले होते, पण अशा प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ कधी आली नव्हती. "कमी काही केलं नाहीत," त्या म्हणाल्या. "तिला घटकाभर एकटीला सोडलं नाहीत, एवढंच. जमवलं मी होतं. दोष माझ्या पदरात घाला."

"गंधाली?" ओजस तिच्याकडे वळला.

गंधालीच्या हातात दोरीवरून काढलेले कपडे होते. ती म्हणाली, "मला जरा झोपायचंय, ओजस."

तो आणखी थोडा वेळ बसला. मग उठला, पुन्हा वाकून नमस्कार केला आणि गेला. तो गेटपाशी पोचला नसेल तोच तिचा फोन वाजायला लागला. गंधालीने तो बंद करून मार्तंडरावांच्या हातात दिला. आत जाऊन दार लोटून ती जी झोपली ती दिवेलागणीला उठली. कोणी हाक मारली नाही.

भिंतीवरचा फोटो कुंदाताईंनी त्याच संध्याकाळी स्वतः उतरवला. पाटीला हात लावायचं मात्र त्यांनी मार्तंडरावांना दोनदा बजावून थांबवलं. "बघू," म्हणाल्या. "कोणी आलंच नाही तर मग काढा."

आठवडाभर कोणी आलं नाही. शेवंतीबाईंना कळलं होतं, म्हणजे मुलुंडाला कळलं होतं. भाऊरावांनी फोन करून, सध्या घाई नाही म्हणून सांगितलं. मार्तंडराव घाटकोपरला जाऊन निऑनचे आणखी सहा मासे घेऊन आले, आणि ते सोडल्याबरोबर किल्ल्यामागची जोडी बाहेर आली. कुंदाताईंनी आठही जणांना खाणं टाकलं.

मग एका रविवारी बोरिवलीहून एक कुटुंब आलं. आई, वडील आणि मुलगा सर्वेश. लांबचे, त्यांना अजून काही ठाऊक नव्हतं. पोहे पुढे आले. मुलाच्या आईने भिंतीवरचा फिकट चौकोन बघितला. "इथे तुमच्या लेकीचा फोटो होता ना? आमच्या नणंदेने सांगितलं होतं. फार छान जोडा आहे म्हणून."

सांगायला थाप हवी तेवढी होती. भिंतीला रंग काढायचाय म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"होता," कुंदाताई म्हणाल्या. "लेक परत आलीय. ते स्थळ मीच जमवलं होतं. बत्तीस गुण जुळले होते."

मुलाच्या आईचा चमचा बशीतच राहिला. तिने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने दाराकडे. आतून पाण्याचा आवाज येत होता. गंधाली आंघोळीला गेल्याला तास होत आला होता आणि बाथरूमचं दार कोणी वाजवलं नव्हतं.

कुंदाताई मुलाकडे वळल्या. "सर्वेश, एक विचारू? तुम्हाला एकट्याला करमतं का?"

"छे हो," त्याची आई घाईने म्हणाली. "आमचा सर्वेश घटकाभर एकटा राहत नाही. त्याला सारखं माणूस लागतं अवतीभवती."

"मी त्यांना विचारलं."

मुलाने आईकडे बघितलं, मग टेबलावरच्या बरणीकडे. बरणीत ती राखाडी मासोळी आपल्या चालीने एक फेरी मारून थांबली होती. तो जरा ओशाळून म्हणाला, "करमतं. म्हणजे, रविवारी सकाळी मी एकटाच फिरायला जातो. आज इथे यायचं म्हणून राहिलं." हे आईला आवडलं नसावं. तिने पर्स उचलली होती आणि ती उठायच्या बेतात होती.

"बसा हो," कुंदाताई म्हणाल्या, आणि समोरचं पॅड ओढून त्यांनी पेनचं टोपण काढलं. "पोहे गार होतायत."